अकरा जमा

बॅगेची चेन बसवायला मला सात मिनिटं लागतात आणि तिचे पैसे घ्यायला सतरा. पूर्वी असं नव्हतं. गिऱ्हाईक खिशात हात घालायचं, मी गल्ल्यात हात घालायची, सुट्ट्यांवरून दोन शब्द व्हायचे आणि प्रकरण मिटायचं. आता एकाकडे कार्ड असतं, पण त्याचा आकडा आठवत नसतो. दुसऱ्याच्या फोनमध्ये पैसे असतात, पण फोनच मेलेला असतो. तिसरी फोन हवेत धरून रस्त्याच्या मध्यापर्यंत जाते आणि तिथून ओरडते, "थांबा हं, येतेय रेंज!" मी तिची बॅग मांडीवर घेऊन थांबते. आणि एखादा दिवसाच्या पहिल्याच कामाला खिशातली सगळ्यात मोठी नोट काढतो आणि मी जणू बँक थाटून बसलेय अशा तोऱ्यात विचारतो, "सुटे असतील ना?"

दुकान म्हणजे एका इमारतीच्या जिन्याखालची जागा. उभी राहिले तर डोकं सातव्या पायरीला लागतं, म्हणून मी बसलेलीच असते. एक शिवणयंत्र, भिंतीवर खिळ्यांना अडकवलेल्या चेनच्या लडी, रनरचे डबे, आरी, मेणाचा गोळा आणि मोडक्या छत्र्यांच्या काड्या. शेजारी चष्मेवाला. त्याच्याकडे आरसे आहेत, गादीची खुर्ची आहे, दिवे आहेत. पण नेट गेलं की तो आणि मी सारखेच, दोघंही दारात उभे राहून आभाळाकडे बघतो.

आणि फळीवर सवत.

सवत म्हणजे पैसे आले की बोलणारा डबा. बँकेने दिलेला, चहाच्या कपाएवढा, आत एका बाईचा आवाज भरलेला. गिऱ्हाइकाने फोनवरून पैसे पाठवले की ती बोलते, "वीस जमा. धन्यवाद." कितीही आले तरी तोच गोड सूर. वीस काय नि दोन हजार काय, तिला सुखदुःख नाही. तिला सवत हे नाव मी ठेवलं, कारण गेली दोन वर्षं आमचे हे तिच्याच तोंडून माझ्याशी बोलायचे.

ते सांगायला हवं, नाहीतर पुढचं काही कळणार नाही.

हे भाजीच्या मोठ्या बाजारात लिलाव पुकारायचे. तीस वर्षं. पहाटे चारला ओट्यावर उभे राहायचे आणि कोबीच्या, कांद्याच्या, टोमॅटोच्या ढिगावर बोली चढवत न्यायचे. आवाज असा, की बाजाराच्या मागच्या फाटकाशी उभ्या असलेल्या हमालालाही आकडा कळायचा. बोली अडली की हे आवाज चढवायचे. तरी कुणी तोंड उघडेना की दुसरे पुकारणारे चिडायचे, व्यापाऱ्यांची आई-बहीण काढायचे. हे नाही. हे मानेवरचा घाम पुसायचे, हसायचे आणि म्हणायचे, "चला, पुन्हा एकापासून." आणि खरंच पहिल्यापासून सुरू करायचे. घरीही तेच. मी रुसले, बोलेनाशी झाले, की थोडा वेळ थांबून म्हणायचे, "बरं, पुन्हा एकापासून." मग मला हसू यायचं आणि रुसवा तिथेच संपायचा.

दोन वर्षांपूर्वी एका सकाळी ओट्यावरच कोसळले. उजवी बाजू गेली आणि वाचा गेली. माणूस सगळं समजून घ्यायचा, पण तोंडातून शब्द म्हणून निघायचा नाही, नुसतं कण्हणं. लिहायला दिलं तर अक्षरांची खिचडी. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "अक्षरं गेलीत, आकडे राहिलेत. असं होतं कधीकधी." आयुष्यभर आकडेच पुकारले, म्हणून तेवढे राहिले असतील. मेंदूतही कुणी कायम मुक्कामाला असतं आणि कुणी पाहुणं.

मी दुकान बंद करून घरी बसले असते तर खाल्लं काय असतं? त्यामुळे सकाळी यांचं सगळं आवरून, जेवण पलंगाशेजारच्या टेबलावर झाकून मी दुकानात यायची. दुपारी दोनला घरी जाऊन तासाभराने परत. घर चालत पंधरा मिनिटांवर. फोन करून उपयोग नव्हता. बोलणार काय? एकदा त्यांनी लावला होता, तर ते कण्हणं ऐकून माझ्या हातातली आरी माझ्याच बोटात गेली. घरी गेल्यावर माझं बांधलेलं बोट बघून तेव्हापासून त्यांनी फोन लावणं सोडलं.

मग एका सकाळी दुकानात कुणी नसताना सवत बोलली, "एक जमा. धन्यवाद." मी इकडेतिकडे पाहिलं. एक म्हणजे काय, भीक? फोन उघडला तर यांचं नाव. त्यांच्या फोनमध्ये पैसे पाठवायच्या पडद्यावर माझा फोटो होता आणि खाली आकड्यांची पाटी. डाव्या हाताच्या अंगठ्याने त्यांनी फोटो दाबला होता आणि मग एक. त्या दिवशी मी दुकानात तोंडावर रुमाल धरून रडले. चष्मेवाल्याला वाटलं, बँकेने पुन्हा काहीतरी कापलं.

संध्याकाळी आम्ही भाषा ठरवली. एक म्हणजे उठलोय, ठीक आहे, तू तुझं काम कर. दोन म्हणजे काहीतरी संपलंय, येताना विचार. पाच म्हणजे सवडीने ये. आणि अकरा म्हणजे हातातलं टाक आणि ये. हे पुढची दोन वर्षं चाललं. रोज सकाळी नऊला सवत बोलायची, "एक जमा," आणि मी पहिला टाका घालायची. वाढदिवसाला त्यांनी मला अठ्ठावन्न पाठवले, भरदुपारी, गिऱ्हाइकांच्या देखत. माझं वय सगळ्या गल्लीला कळलं. दर रविवारी मी जमा झालेले सगळे त्यांच्या खात्यात परत टाकायची. घरचाच पैसा घरातल्या घरात फिरायचा आणि मध्ये बँक उगाच धन्यवाद म्हणायची.

उत्तर मी पाठवत नसे. अकराचं उत्तर म्हणजे मी स्वतः. त्यांच्या पडद्यावर हिरवी खूण यायची आणि खाली शब्द यायचा, पोहोचले. तो शब्द त्यांना वाचता यायचा की नाही देव जाणे, पण हिरवा रंग कळायचा. हिरवं झालं की माझ्या कानापर्यंत गेलं, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. मीच तसं सांगितलं होतं.

आता नेट गेलं त्याच्या आदल्या दिवसाचं.

दुपारी साडेअकरा-बारा झाले असतील. समोर एक गृहस्थ लॅपटॉपची बॅग घेऊन उभे, आणखी दोघं मागे. अशात सवत म्हणाली, "अकरा जमा. धन्यवाद." मी बॅग तशीच त्यांच्या हातात कोंबली आणि पळत सुटले. अठ्ठावन्नाव्या वर्षी पळणं म्हणजे काय ते पळणाऱ्यालाच कळतं. छातीचा भाता झाला होता, एका चपलेचा पट्टा तुटला होता. दार उघडून आत गेले तर हे पलंगावर बसलेले, चेहऱ्याच्या चालत्या अर्ध्या बाजूने हसताहेत आणि डाव्या हाताने कपाटाकडे दाखवताहेत. कपाटावर कबुतर. खिडकीतून आत आलेलं, टोपलीत ऐटीत बसलेलं. मला दाखवायचं होतं म्हणून अकरा.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. "यासाठी?" मी ओरडले. "तीन गिऱ्हाइकं टाकून आले मी यासाठी? अहो, अकरा म्हणजे जीव जात असेल तर! कळलं? जीव जात असेल तर! बाकी काही असलं तर पाच दाबायचे आणि गप पडून राहायचं!"

हसणं थांबलं. आधी डोळ्यांतलं, मग ओठांवरचं. त्यांनी हात खाली घेतला आणि भिंतीकडे तोंड केलं. मी झाडूने कबुतर हाकललं, तेही रागाने. गिऱ्हाइकं निघून गेली होती.

रात्री जेवले दोघं, पण मुकाट्याने. म्हणजे ते तर मुकेच, मीही. मनात होतं, सकाळी म्हणू, चुकलं माझं. सकाळी बादली उपडी झाली, दूध उतू गेलं, उशीर झाला, आणि मी न म्हणताच निघाले. नऊला सवत बोलली, "एक जमा. धन्यवाद." मला वाटलं, मिटलं. त्यांनी मिटवलं. घरी गेल्यावर बोलू.

साडेदहाला समोर रस्ता खोदायला माणसं आली. पाण्याची नळी म्हणे. अकराला सवत निराळंच काही बोलली, "नेटवर्क उपलब्ध नाही." पाच मिनिटांनी पुन्हा, "नेटवर्क उपलब्ध नाही." माझ्या फोनवरही एक रेघ नाही. चष्मेवाला चौकशी करून आला. "केबल तोडली त्यांनी. अख्ख्या रस्त्याचं गेलंय. संध्याकाळपर्यंत काही खरं नाही, ताई."

मी पुठ्ठ्यावर खडूने लिहिलं, फक्त रोख, आणि दोरीने बाहेर लटकवलं. मग सुरू झाली वरात. कार्डवाले आले नि पुठ्ठा वाचून तोंड वाकडं करून गेले. दोघांचं काम आधीच झालेलं, त्यांच्याकडे रोख नाही. एकाला म्हटलं, "उद्या द्या." तो म्हणाला, "उद्या मी गावात नाही." म्हटलं, "मग जन्मात कधीतरी द्या." कोपऱ्यावरच्या पैशांच्या यंत्रापुढे रांग लागली आणि बाराच्या आत ते यंत्रही रिकामं झालं. आणि मधूनमधून फळीवरून गोड आवाजात, "नेटवर्क उपलब्ध नाही." सहन होईना. मी जुन्या छत्रीच्या काळ्या कापडात तिला गुंडाळलं आणि फळीच्या कोपऱ्यात ढकललं. "पड तिथे," म्हटलं.

साडेबाराला एक बाई आली, मोठी प्रवासाची बॅग ओढत. चेन पार फाटलेली, आतले कपडे दिसताहेत. "चारची गाडी आहे माझी. करून द्याल ना?" मी म्हटलं, करते, पण रोख लागेल. "तुम्ही करा, मी आणते कुठूनतरी," म्हणून ती गेली. मी लांबलचक चेन उसवली, नवी लावली, दोन्ही टोकांना दुहेरी टाके घातले. काम चांगलं झालं होतं. दीड वाजला. बाईचा पत्ता नाही.

दोन वाजले. माझी घरी जायची वेळ. बॅग तिथे उघड्यावर टाकून जाता येईना, आणि ती आल्यावर मी नसले तर तिची गाडी चुकणार. चष्मेवाल्याला म्हणता आलं असतं, जरा लक्ष ठेव. तो नाही म्हणाला नसता. पण मला वाटलं, आता येईलच ती. मी फळीकडे पाहिलं आणि मनाशी म्हटलं, दोन नाही, पाच नाही, अकरा तर नाहीच. जेवून झोपले असतील.

हे मला पुन्हा सांगू दे. मी दिवसभर त्या नेटला शिव्या घालत होते. पुठ्ठा मी माझ्या हाताने लिहिला होता. डबा मी माझ्या हाताने गुंडाळला होता. माझ्या वीस-वीस, पन्नास-पन्नाससाठी मला सकाळपासून ठाऊक होतं की आज या वाटेने काही येणार नाही. आणि यांचे आकडेही त्याच वाटेने येतात, हे माझ्या डोक्यात एकदाही आलं नाही. दोन वर्षांत सवय झाली होती, सवत गप्प म्हणजे घरी सगळं ठीक.

बाई सव्वातीनला आली, घामाघूम. हातात एकच मोठी नोट. "तीन यंत्रं फिरले. हीच मिळाली."

"माझ्याकडे एवढे सुटे नाहीत."

"मग मी काय करू? माझी गाडी आहे!" तिने नोट माझ्या शिवणयंत्रावर टाकली. "ठेवा सगळे. मेहेरबानी समजा."

मेहेरबानी! मला ते झोंबलं. म्हटलं, "बाई, मी मेहनतीचे घेते, मेहेरबानीचे नाही. थांबा." आणि नोट घेऊन मी चष्मेवाल्याकडे गेले, मग औषधांच्या दुकानात, मग पलीकडच्या वाणसामानवाल्याकडे. तिथे मिळाले सुटे. तिचे पैसे तिच्या हातावर मोजून ठेवले तेव्हा पावणेचार झाले होते. ती पळत गेली. मला वाटलं, जिंकले. मग राहिलेल्या दोन बॅगा उरकून, लवकर बंद करून घरी जावं म्हणून मी पुन्हा यंत्रावर बसले. आज जाताना काहीतरी गोड न्यावं, असंही मनात आलं.

पाचला दहा कमी असताना छत्रीच्या कापडातून आवाज आला. आधी कळलंच नाही. मग कळलं. "पाच जमा. धन्यवाद."

"आलं वाटतं नेट!" मी शेजारी ओरडून सांगितलं. आणि हसले. पाच. सवडीने ये. म्हणजे स्वारीचा राग गेला.

"अकरा जमा. धन्यवाद."

माझा पाय यंत्रावरच थांबला.

"अकरा जमा. धन्यवाद. एकशे अकरा जमा. धन्यवाद."

एकशे अकरा आमच्या भाषेत नव्हतेच. मी कापड ओढून काढलं. सवत उजेडात आली आणि म्हणाली, "एक हजार एकशे अकरा जमा. धन्यवाद." तोच सूर, जराही धाप न लागता. चष्मेवाला दारात येऊन म्हणाला, "वा ताई, आज चांदी!" आणि माझा चेहरा बघून मागे सरला.

मला कळलं होतं. ओट्यावर बोली अडली की हे आवाज चढवायचे. आवाज नव्हता, तर त्यांनी आकडा चढवला होता. ते ओरडत होते. एका आकड्याला दुसरा जोडून, जेवढं मोठ्याने ओरडता येईल तेवढं.

मग शेवटचं आलं, "एक जमा. धन्यवाद."

दुकान तसंच उघडं टाकून मी धावले. वाटेभर देवाला सांगत होते, शेवटी एक आलाय, एक म्हणजे ठीक आहे. शेवटी एक आलाय.

हे न्हाणीघराच्या उंबऱ्याशी पडले होते, कुशीवर. डावा हात पुढे आणि तळव्याखाली फोन. मी हाका मारल्या, हलवलं. अंग गार होतं. टेबलावर जेवण तसंच झाकलेलं. डॉक्टरीणबाई आल्या, म्हणाल्या हृदय बंद पडलं, अडीच-तीनच्या सुमारास. मी विचारलं, "मी वेळेवर आले असते तर?" त्या म्हणाल्या, "सांगता येत नाही." मला तेव्हा त्यांचा राग आला. हो म्हणाल्या असत्या तर आणखी आला असता.

त्यांचा फोन मी चौथ्या दिवशी उघडला. यादी होती, वेळेसकट. एक वाजून दहा मिनिटांनी पाच. पडल्यावर पहिल्यांदा त्यांनी पाच पाठवले होते. गार फरशीवर पडून, सवडीने ये. कारण आदल्या दिवशी त्यांच्या बायकोने बजावलं होतं, अकरा म्हणजे जीव जात असेल तर. बावीस मिनिटं ते थांबले. बावीस मिनिटं त्यांनी विचार केला असेल, की हे अकरा एवढं आहे का. मग अकरा. चार मिनिटांनी पुन्हा अकरा. मग एकशे अकरा. मग एक हजार एकशे अकरा. प्रत्येकापुढे हिरवी खूण. पोहोचले. पोहोचले. पोहोचले. पोहोचले. पोहोचले.

त्या शब्दाने मला जेवढं मारलं तेवढं त्यांच्या जाण्यानेही नाही. घरचं नेट चालू होतं. त्यांच्या बाजूने सगळं नीट गेलं होतं. त्यांच्या लेखी मी ऐकत होते. एकदा, दोनदा, पाचदा ऐकलं आणि जागची हलले नाही.

त्याखाली एक ओळ लाल होती. अकरा हजार एकशे अकरा. शिल्लक अपुरी. सवतीने ती मला सांगितलीच नव्हती, न आलेल्याबद्दल ती कशाला बोलेल? त्यांनी आणखी वर ओरडून पाहिलं होतं आणि बँकेने तोंडावर हात ठेवला होता. त्यानंतर सोळा मिनिटं काही नाही. मग दोन वाजून वीस मिनिटांनी, हिरव्या खुणेसह, एक.

रोजच्यासारखी मी दोनला निघाले असते तर सव्वादोनला दारात असते.

महिनाभराने बँकेने बोलावलं. खिडकीपलीकडे चष्मा लावलेला, सभ्य आवाजाचा कारकून. त्याच्या संगणकाचं नेट मध्येच जात होतं, तो माफी मागत होता, मी म्हटलं, सवय आहे. मग त्याने एक कागद पुढे सरकवला.

"काकू, वाईट वाटून घेऊ नका, नियम आहे. खातेदार ज्या दिवशी वारले त्या दिवशी त्यांच्या खात्यातून तुमच्या खात्यात लागोपाठ पैसे गेलेत. जवळजवळ सगळं खातं रिकामं झालंय. त्याचं कारण लिहून द्यावं लागतं."

"मी लुबाडलं असं म्हणायचंय का?"

"नाही नाही, काकू. चुकून दाबलं गेलं असेल, आजारी माणूस. तसं लिहा, 'चुकून.' पैसे त्यांच्या खात्यात परत जातील, मग रीतसर वारस म्हणून तुम्हालाच मिळतील. सोपं आहे."

कागदावर ओळी आखल्या होत्या. रक्कम, वेळ आणि कारण. कारणाच्या रकान्यात खुणा करायला पर्याय होते: वस्तू, सेवा, भेट, चुकून, इतर. इतर असेल तर लिहा.

"चुकून नव्हतं," मी म्हटलं.

"मग?"

मी पेन घेतलं. पाचच्या पुढे लिहिलं, हाक. अकराच्या पुढे लिहिलं, हाक. दुसऱ्या अकराच्या पुढे, एकशे अकराच्या पुढे, एक हजार एकशे अकराच्या पुढे. अक्षर मी चांगलं काढलं. कारकून वाकून वाचत होता.

शेवटच्या ओळीशी पेन थांबलं. रक्कम: एक.

महिनाभर मी याच आकड्यापाशी अडून बसले होते. नणंद म्हणाली होती, "अगं, दादाने तुला सांगितलं की मी ठीक आहे, काळजी करू नकोस. असंच धर." तसं धरलं तर मला झोप आली असती. पण तसं धरायचं म्हणजे त्यांनी माझी आशा सोडली होती, मी येत नाही हे कबूल करून टाकलं होतं आणि वर मलाच धीर दिला होता. किंवा बोटात तेवढंच बळ उरलं होतं, एकदा दाबण्यापुरतं.

नाहीतर मग ते ओट्यावरचं. कुणीच बोलेना, वरचा आवाजही चालेना, म्हणून थोडा वेळ थांबले. घाम पुसला असेल. हसले नसतील. आणि मग, बरं, पुन्हा एकापासून.

"काकू, तो रकाना रिकामा ठेवता येत नाही," कारकून हळूच म्हणाला. माझ्या मागे रांग वाढली होती. कुणीतरी घड्याळाकडे बघून च्च केलं.

मी ठीक आहे असं लिहून मला सुटायचं नव्हतं. आणि माणूस हाक मारतो ती जो येईल असं वाटतं त्यालाच. दोन वाजून वीस मिनिटांनी, तसल्या फरशीवर, पाच वेळा ऐकूनही न आलेल्या बायकोबद्दल त्यांना अजून वाटत होतं की ती येईल. हे मला पेलत नाही. पण दुसरं काहीही त्याहून खोटं वाटतं.

मी लिहिलं, हाक. कागद खिडकीतून आत सरकवला आणि पुढच्या माणसाला जागा करून दिली.